सगळ्या तर सगळ्या

परळच्या आमच्या शाळेची सहल आजवर फार तर हंपीपर्यंत गेली होती. तिथूनही दोन मुलं पोट बिघडवून घेऊन आली आणि पुढची कितीतरी वर्षं पालकांनी मला त्याबद्दल ऐकवलं. मी भूगोल शिकवते. मुलींचं लेझीम पथकही माझ्याच गळ्यात आहे, कारण खेळाच्या सरांच्या मते ज्यात चेंडू नाही तो खेळच नव्हे. गिरगावातल्या पाडव्याच्या मिरवणुकीतला आमच्या पथकाचा व्हिडिओ कुठून कुठे फिरत काठमांडूच्या एका शाळेत पोचला आणि दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटी त्यांच्याकडे भरणाऱ्या मुलांच्या लोकनृत्यांच्या मेळ्याचं आमंत्रण आलं. ते मी आधी स्वतः दोन-तीनदा वाचलं आणि मग मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं आणि विचारलं, "नेपाळ म्हणजे परदेशच ना?"

हा प्रश्न पुढे महिनाभर सगळ्यांनी विचारला. तिथे जायला व्हिसा लागत नाही असं सोळा मुलींच्या पालकांना सांगितलं तेव्हा निम्म्यांचे चेहरेच उतरले. मग निदान पासपोर्ट तरी काढू, असा एका वडिलांनी हट्ट धरला आणि बाकीच्यांनी तो उचलून धरला. नायगावच्या मुलींची पंचाईत झाली. त्यांच्या बीडीडी चाळी पुनर्विकासात गेलेल्या, कुटुंबं तात्पुरत्या घरांत आणि कागदोपत्री पत्ता मात्र जुनाच. चौकशीला आलेला पोलीस एका क्रेनसमोर उभा राहून फोन करत होता, की मी तुमच्या घरी आलोय, तुम्ही कुठे आहात. एकीचे वडील स्वतः पोलीस खात्यात होते, तरी त्यांनाही तोच फोन आला. त्या दिवसांत आम्ही खूप हसलो. पासपोर्ट आले तेव्हा मुलींनी ते वर्गात एकमेकींना दाखवले आणि एकमेकींच्या फोटोंची यथेच्छ टिंगल केली.

त्या सोळांपैकी दोघींबद्दल सांगायला हवं. पथकाच्या पुढे शिट्टी घेऊन उभी राहायची ती लालबागची. धीट, चटपटीत, बोलायला लागली की थांबवणं कठीण. तिची जोडीदारीण नायगावची, उंच आणि अबोल, पण लेझीम हातात आली की तिच्या पावलाइतकं स्वच्छ पाऊल अख्ख्या पथकात कोणाचं नव्हतं. एकीला रागावलं की दुसरीचे डोळे भरायचे. काठमांडूला खोलीत कोण कोणाबरोबर झोपणार हे त्या दोघींनी आमंत्रण आल्याच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

गणपतींचं विसर्जन होऊन दोन-तीन दिवस झाले होते. लालबाग-परळला अजून धड जाग आली नव्हती, शाळेत अर्धे बाक रिकामे, आणि मी स्टाफरूममध्ये बसून फोनवर काठमांडूचे रस्ते बघत होते. आमच्या मुलींहून थोडीच मोठी पोरं रस्त्यावर उतरली होती. गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. इमारती जळत होत्या. बघता बघता सरकार गेलं, विमानतळ बंद झाला, पुन्हा उघडला. तिथल्या शाळेतल्या ज्या बाईंशी मी नेहमी बोलायचे त्यांचा फोन लागेना. लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "दीदी, हम ठीक हैं. मेला होगा."

पालकसभा बोलावली. आमच्याकडे सभेत आया मुलांच्या बाकांवर बसतात आणि बाप मागच्या भिंतीला टेकून उभे राहतात, जणू कधीही निघून जाता यावं म्हणून. बोलणं मात्र बापांनीच सुरू केलं. एकाचं म्हणणं, दोन महिन्यांत सगळं शांत होतं. दुसरा म्हणाला, आपल्याकडे तरी कुठे शांत आहे, सीमेवर केव्हा काय होईल सांगता येतं का? तिसऱ्याने मोबाइलवरून काहीतरी वाचून दाखवलं, ते चौथ्याने खोटं ठरवलं. मोठ्या बाई म्हणाल्या, शाळेला सरकारकडून मनाईचं काही आलेलं नाही, तेव्हा पालकांनी ठरवावं, त्यांची तयारी असेल तर शाळेची हरकत नाही. मोठ्या बाईंना निर्णय आवडत नाहीत असं नाही, फक्त ते दुसऱ्याने घेतलेले जास्त आवडतात. शेवटी कोणीतरी तोडगा काढला, ज्यांना पाठवायचं त्यांनी पाठवा, ज्यांना नाही त्यांनी नका पाठवू.

तेव्हा मागून आवाज आला, "बाई, मी बोलू?"

शिट्टीवालीचे आजोबा. सत्तरीला टेकलेले, ताठ, पांढऱ्या शर्टाचं वरचं बटण लावलेलं. तरुणपणी गिरणीत होते. संपात शेवटपर्यंत राहिले आणि गिरणी गेल्यावर मिळेल ते काम करून मुलांना वाढवलं, एवढं सगळ्या लालबागला ठाऊक होतं. नातीला शाळेत सोडायला आणि न्यायला तेच यायचे.

"हे प्रत्येकाचं वेगवेगळं नको," ते म्हणाले. "काय होतं ते आम्ही बघितलंय. आज चार मुली मागे राहिल्या तर त्या चौघींना जन्मभर लोक विचारणार, तू का नाय गेलीस? आणि ज्या जातील त्यांना पण ते गोड लागणार नाय. जायचं तर सगळ्या जातील, नायतर कोणीच नाय. आणि आता जो हात वर होईल तो घरी जाऊन खाली करायचा नाय."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मला ते मनापासून आवडलं होतं.

मी गिरगावची, फणसवाडीतली. आमच्याकडे तीन पिढ्या कचेऱ्यांतून गेल्या आणि आम्हाला 'नाही' म्हणायच्या शंभर सोयी माहीत आहेत. बघू, कळवते, ह्यांना विचारते, तेव्हा नेमकं लग्न आहे. फणसवाडीत अशी सभा झाली असती तर सगळ्यांनी हसतमुखाने हात वर केले असते आणि रात्रीपर्यंत एकेकाचा फोन येऊन निम्मी मुलं गळाली असती. कोणाला त्याचं काही वाटलंही नसतं. परळ-लालबागला तसं चालत नाही. तिथे चारचौघांत वर केलेला हात म्हणजे शब्द दिला. जो ऐन वेळी मागे फिरला त्याला 'फुटला' म्हणतात, आणि कोणाचा बाप, कोणाचा काका कधी फुटला होता हे नातवंडांपर्यंत माहीत असतं. त्या दिवशी भिंतीला टेकून उभे होते ते बँकेत, कुरियर कंपनीत, मॉलमध्ये काम करणारे लोक. पण बहुतेक सगळे गिरणीवाल्यांचीच मुलं. सगळे हात वर गेले. दुसऱ्या बाकावर मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या एका आईचा हात जेमतेम खांद्यापर्यंत उठला, हे मी पाहिलं, पण तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नाही.

ती त्या अबोल मुलीची आई होती. परळच्याच एका हॉस्पिटलात रुग्णांच्या नोंदी ठेवायच्या विभागात ती काम करते. आठ-दहा दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत ती शाळेत आली आणि मला म्हणाली, जरा एकटीने बोलायचं आहे. आम्ही भूगोलाच्या खोलीत बसलो. सगळीकडे नकाशे गुंडाळून ठेवलेले, एका खुर्चीवर मोडका पृथ्वीगोल. तो उचलून मी तिला बसायला जागा केली.

"बाई," ती म्हणाली, "तुम्हीच रद्द करा ना."

मला आधी कळलंच नाही. मग मी जरा तोऱ्यातच विचारलं, की सभेत का बोलला नाहीत.

"कसं बोलणार? माझ्या एकटीमुळे पंधराजणींचं जाणं बुडणार. मुलगी मला माफ करणार नाही. आणि बाकीच्यांना कळलं तर तिला शाळेत कोण जवळ करेल?" तिने पदराने ओठ टिपले. "हे जहाजावर आहेत, तुम्हाला माहीत आहे ना? फिटर आहेत. आत्ता त्यांचं जहाज तांबड्या समुद्राच्या तोंडाशी थांबलंय. पुढे जहाजांवर हल्ले होतात म्हणून थांबवलंय, कधी सोडतील सांगत नाहीत. चार-चार दिवस फोन नसतो. मुलीला सांगितलंय की तिकडे नेटवर्क नाही. सासूबाईंना तर तेवढंही सांगितलं नाही."

मी म्हटलं, काठमांडू आता निवळतंय.

"असेल. मला समजतं ते. पण माझा एक माणूस पाण्यावर आहे. त्याची रात्र कशी गेली ते मला दुसऱ्या दिवशी कळतं. असा दोन ठिकाणी जीव ठेवून मला जगता येणार नाही, बाई."

ती रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, पाणी देता आलं असतं. मी म्हटलं, बघते काहीतरी. काय बघणार होते, देव जाणे. ती उठली, मोडका गोल तिने आपल्या हाताने परत खुर्चीवर ठेवला आणि ड्युटीवर गेली.

नंतरचे काही दिवस मी स्वतःशीच भांडत होते. मोठ्या बाईंकडे गेले, शाळेनेच रद्द करावं असं सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, पालकांनी एवढं एकमताने ठरवल्यावर शाळेने माघार घेणं बरं दिसत नाही. मी जात नाही म्हणून सांगितलं असतं तर खेळाचे सर बॅग भरून तयारच होते, त्यांना एकाएकी लेझीम आवडू लागली होती. एका रविवारी खोटं बोलायचाही विचार केला. मेळाच रद्द झाला म्हणून सांगावं. पण तिथल्या शाळेचं पान मुली रोज उघडून बघत, मी दुपारपर्यंत पकडले गेले असते. आणि खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं. एवढी वर्षं हिमालय फळ्यावर काढला, तो मला बघायचा होता. त्याहून जास्त, तो बघताना ह्या मुलींचे चेहरे बघायचे होते. त्यांच्यातल्या कितीजणींना पुन्हा कोणी कुठे नेणार होतं?

त्या अबोल मुलीला नुसतं मागे ठेवता आलं असतं, बाकीच्या गेल्या असत्या, कोणी कोणाला बोललं नसतं, तर प्रश्न मिटत होता. आड येत होता तो फक्त आजोबांचा नियम. म्हणून मी लालबागला त्यांच्या घरी गेले.

टॉवरच्या सावलीत उरलेली ती चाळ, दुसरा मजला. नात क्लासला गेली होती. सुनेने चहा आणला. मी आडवळणाने सुरुवात केली, की समजा एखाद्या घराची अडचण असेल, अगदी खरी अडचण, तर त्या एका मुलीला सूट द्यायला काय हरकत आहे. तुम्ही सांगितलंत तर सगळे ऐकतील.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"ते मी सांगणार नाही."

"हे बघा, बाई. नाव नाय सांगायचं, पण सूट पाहिजे. संपात पण असंच झालं. एकाची अडचण खरी. दुसऱ्याची पण खरी. खोटी कोणाचीच नव्हती. आणि मग एक दिवस बघतो तर गेटावर आत जायला रांग."

"आजोबा, ही गिरणी नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "ह्या चौदा वर्षांच्या मुली आहेत. एकीच्या आईचा जीव थाऱ्यावर नाही आणि तुम्ही मला संप सांगताय!"

"मग त्यांना आतापासून कळू दे," ते शांतपणे म्हणाले, "की एकत्र राहणं सोपं नसतं."

मी चहा अर्धा टाकून उठले. लालबागच्या घरात असं करत नाहीत, ते मला चांगलं माहीत होतं, आणि म्हणूनच मी केलं. दारात चपला घालत होते तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले. "तिच्या घरात पुरुष माणूस नाय ना सध्या?" त्यांनी हळूच विचारलं. रागाच्या भरात मी 'एकीच्या आईचा जीव' असं बोलून बसले होते, ते तेव्हा लक्षात आलं. मी खाली बघून चपलेचा पट्टा लावत राहिले.

दसरा झाल्यावर दुसरी सभा झाली. नावं पक्की कळवायची होती. तिकडे बरंच शांत झालं होतं, नवं सरकार बसलं होतं, आणि आमच्या हॉलमध्ये जवळजवळ लग्नघरासारखं वातावरण होतं. एका आईने सगळ्या मुलींसाठी एकसारख्या लोकरीच्या टोप्या विणायला घेतल्या होत्या, ती त्यांचे रंग विचारत फिरत होती. मोठ्या बाई म्हणाल्या, "मग काय, नक्की ना?"

मी दुसऱ्या बाकाकडे बघत होते. तिने बाकाच्या कडेवर हात टेकवला. ती उठणार होती. तिच्या चेहऱ्यावरून मला स्पष्ट दिसलं की ती आता सांगून टाकणार, आणि सांगितल्यावर पुढे काय होणार हेही तिला पुरतं माहीत आहे. मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला.

"माझी नात जाणार नाय."

सगळे वळले. आजोबा खिडकीचा गज धरून उभे होते.

"का पण?" कोणीतरी विचारलं.

"मला भीती वाटते."

कोणाचा विश्वासच बसेना. एकजण हसलासुद्धा. "आजोबा, तुम्हीच म्हणाला होतात ना, सगळ्या तर सगळ्या?"

"हो. मीच म्हणालो. माझी नात जात नाय, म्हणजे आता कोणीच जात नाय."

मग जो गलका उठला तो मी आमच्या शाळेत कधी ऐकला नव्हता. मुलींना काय सांगायचं, पासपोर्टसाठी घातलेल्या रजा, विणलेल्या टोप्या, सगळं त्यांच्या अंगावर आलं. कोणी म्हणालं, नियम गेला खड्ड्यात, पंधराजणी जातील. आजोबा म्हणाले, "हात वर केला होतास ना?" आणि तो माणूस गप्प झाला, कारण तोही गिरणीवाल्याचाच मुलगा होता. ह्या सगळ्या आवाजात भिंतीकडून एक वाक्य आलं, फार मोठ्याने नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. "शेवटी म्हातारा फुटलाच."

त्यांची मान क्षणभर खाली गेली. दुसऱ्या बाकावरची ती आई अर्धवट उठली होती, बोलायला तोंड उघडलं होतं. आजोबांनी तिच्याकडे बघितलं आणि दुसऱ्या हाताचा पंजा खाली केला, बस म्हणून. ती बसली. हे माझ्याशिवाय कोणी पाहिलं नसावं. मोठ्या बाईंनी सुटकेचा श्वास टाकून सहल रद्द झाल्याचं जाहीर केलं, पैसे परत मिळवायचं काम कार्यालयाकडे सोपवलं आणि सभा संपली.

सगळे गेल्यावर ते फाटकाशी उभे दिसले. मी जवळ गेले. चहा टाकून गेल्याबद्दल माफी मागितली. त्यांनी हात झटकला. मला वाटलं, तेव्हाच बरं होतं, निदान त्यांच्यावर रागवता तरी यायचं.

"रोज इथे उभा असतो मी," ते म्हणाले. "ती पण असते, मुलीला न्यायला. आधी बोलायची. आता फोन बघत राहते. कोणाचा फोन येत नाय ते कळतं हो."

मग ते त्यांच्या घरच्या बोलीत बोलू लागले, बहुतेक माझ्याशी नाहीच. "माझो धाकटो भाव. तेचो झील, ल्हान पोरगो, तापान फणफणत हुतो. औषधाक पैसो नाय. तो गेटातसून आत गेलो. ता माका म्हायत हुता, बाई. घर तेचा नि माझा भिंतीक भिंत. माका सगळा म्हायत हुता. तरी चाळीस वर्सां मी तेच्याशी बोलूक नाय. मेलो तेव्हा खांदो दिलंय. बोलूक नाय."

रस्त्यावरून बस गेली. मला त्यांची दया आली आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदम. चाळीस वर्षं म्हणजे काय! भिंतीला भिंत लागून! मग मी म्हटलं, "निदान तुमच्या नातीला मला सांगू दे. ती तुम्हाला भित्रा समजेल."

"समजू दे. तिला सांगितलं की ती जोडीदारणीला सांगणार. पोटात ठेवील असं पोर नाय ते. मग त्या मुलीला कळणार की आपल्या आईपायी गेलं सगळं. आणि बापाचं पण कळणार." त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "शब्द द्या."

मी शब्द दिला. त्या भागात शब्द देण्याचा अर्थ आता मला कळला होता.

दुसऱ्या दिवशी शिट्टीवालीने शिट्टी आणून माझ्या टेबलावर ठेवली. तिचे डोळे सुजले होते. "बाई, आजोबा खरंच घाबरले?" मी म्हटलं, त्यांनाच विचार. "मी त्यांना आता काहीच विचारणार नाही," ती म्हणाली. तिच्या मागे तिची जोडीदारीण उभी होती. मैत्रिणीच्या पाठीवर हात ठेवून तीही आजोबांवर रागावली होती.

दिवाळीच्या सुट्टीत काठमांडूला काहीही झालं नाही. मेळा झाला. आमच्याच शहरातल्या दुसऱ्या एका शाळेची मुलं गेली, बर्फाच्या डोंगरांसमोर उभी राहिली आणि हसतखेळत परत आली. ते फोटो आमच्या पालकांच्या ग्रुपवर कोणीतरी टाकले आणि खाली काही लिहिलं नाही, लिहायची गरजच नव्हती. भाऊबिजेच्या सुमाराला जहाज त्या समुद्रातून सुखरूप बाहेर पडलं. त्या आईने मला फोन करून कळवलं आणि विचारलं, "आता सांगून टाकू का सगळ्यांना?" मी म्हटलं, ते ज्यांनी अंगावर घेतलंय त्यांना विचारा. तिने विचारलं. ते म्हणाले, तुमची मुलगी लग्न करून जाऊ दे, मग सांगा.

शाळा पुन्हा सुरू झाली. संध्याकाळी मी वरच्या मजल्यावरून फाटकाकडे बघते. आजोबा रोज येतात. इतर पालक त्यांच्याशी बोलतात, पण पूर्वीसारखं नाही, जागा जरा सोडून. ती आई मात्र मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहते. नात बाहेर आली की दप्तर त्यांच्या हातात देत नाही, तशीच पुढे चालू लागते, आणि ते तिच्या मागून जातात. घरीही तसंच आहे असं तिच्या आईकडून कळलं. जेवायला वाढलं तर जेवते, आजोबांनी काही विचारलं तर उत्तर आईकडे बघून देते.

एकदा न राहवून मी खाली गेले. त्यांना म्हटलं, "आजोबा, मला शब्दातून मोकळं करा. हे मला बघवत नाही. लहान आहे ती. कायमचं मनात धरून बसली तर?"

नात रस्त्याच्या कडेला उभी होती, पाठ करून, सिग्नल पडायची वाट बघत. ते तिच्याकडेच बघत होते.

"बोलात तेका वाटात तेव्हा," ते म्हणाले. "आणि नाय बोलला तर नाय. भिंतीपलीकडे माझ्या भावाक कसा वाटत असात, ता माका आता कळता."